दाराएवढी स्वच्छता

आमच्या इमारतीच्या समितीने माझ्याबाबत जो ठराव केला, त्याची प्रत माझ्याजवळ आहे. त्यात लिहिलंय: "तिसऱ्या मजल्यावरील सभासदांनी दर्शनी भिंतीचा जो भाग परवानगीशिवाय स्वच्छ केला आहे, तो त्यांनी पंधरा दिवसांच्या आत, स्वखर्चाने, पूर्ववत अस्वच्छ करून द्यावा." खाली सात सह्या आहेत. अठ्ठावीस वर्षं मी एका कंपनीच्या दप्तरखान्यात कागद सांभाळत काढली, त्यामुळे कुठल्याही कागदाचं मला सहसा नवल वाटत नाही. हा कागद मात्र मी दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

दप्तरखाना बंद झाला, सगळे कागद संगणकात गेले आणि मी घरी आलो. त्याला आठ महिने झाले होते. बायको एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. सकाळी निघताना ती सांगून जायची, "गॅसवाला येईल, कुरिअर येईल, दार उघडा." त्यात टोमणा नसायचा. ती सहज सांगायची. पण घरात कुणीतरी असावं म्हणून ठेवलेला माणूस मी झालो होतो आणि त्याची मला लाज वाटायची. हे मी तिला कधी बोललो नाही. त्याऐवजी मी प्रेशर वॉशिंगचा धंदा काढायचं ठरवलं. पुरुषाच्या मनात एखादी गोष्ट बोलायची असली की तो यंत्र विकत घेतो, असा माझा आता अनुभव आहे.

यंत्र निवडायला मला तीन दिवस लागले. दुकानदाराने पहिल्या दिवशी विचारलं, "किती बारचं देऊ?"

मी म्हटलं, "चांगलंसं द्या."

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. पाण्याचा दाब बारमध्ये मोजतात, पण नुसत्या दाबाने काही होत नाही, मिनिटाला किती लिटर पाणी फेकतं तेही बघावं लागतं, विजेवरचं यंत्र शांत असतं पण वायरीने बांधलेलं असतं, पेट्रोलवरचं मोकळं असतं पण त्याच्या आवाजाने शेजारी तुटतात, हे सगळं मला तिथे कळलं. नोझलही रंगांवरून ओळखतात. लाल नोझल म्हणजे सुईसारखी धार. "याने लाकूड चिरतं," दुकानदार म्हणाला, "पायाकडे धरू नका. बुटासकट अंगठा जाईल." पिवळा त्याहून मवाळ, हिरवा घरगुती, पांढरा गाडीसाठी आणि काळा फक्त साबण सोडायला. मी घरून आखीव कागद नेला होता. त्यावर नऊ यंत्रांचा तुलनात्मक तक्ता केला. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा दुकानदार जेवत होता म्हणून मीच त्याला तक्ता समजावून सांगितला. ते गिऱ्हाईक यंत्र घेऊन गेलं. दुकानदार हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही इथेच का नाही काम करत?"

तो कौतुकाने म्हणाला असेल. पण मालक व्हायला निघालेल्या माणसाला कुणी काउंटरवरची नोकरी देऊ केली की मनाला लागतं. मी तडकाफडकी विजेवरचं, मिनिटाला नऊ लिटरचं यंत्र घेतलं आणि बाहेर पडलो. रबरी बूट, जाड हातमोजे आणि डोळ्यांवरचा चष्मा हे सामान घ्यायला मला तासाभराने परत जावं लागलं. असा एकदा गेलेला ताठा परत येत नाही.

खरं लक्ष माझं हॉस्पिटलवर होतं. गावाबाहेरच्या रस्त्यावर जुनं मोठं हॉस्पिटल आहे. त्याची मागची भिंत वर्षानुवर्षं पाणी मुरून काळी पडली होती. ती धुण्यासाठी अर्ज मागवल्याची सूचना वर्तमानपत्रात आली होती. महिनाअखेर मुदत. अट एकच: पूर्वी केलेल्या किमान एका कामाचं समाधानकारक पूर्ततेचं पत्र जोडावं. ते काम मिळालं असतं तर तीन महिने रोज सकाळी बाहेर पडायला कारण मिळालं असतं. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की मी बायकोला त्याबद्दल सांगितलंच नाही, न मिळालं तर काय, म्हणून.

पत्र हवं तर काम हवं, म्हणून मी आधी नगरपालिकेत गेलो. तिथला कारकून सुस्वभावी होता. मांडीवर घेतलेल्या बाळाशी वागावं तसा तो प्रत्येक अर्जाशी वागत होता.

"धुतलेलं पाणी कुठे जाणार?" त्याने विचारलं.

"गटारात."

"कोणाच्या?"

"तुमच्याच."

"मग आमची परवानगी लागेल. काम कुठे मिळालंय त्याचं पत्र जोडा."

"काम परवानगीनंतर मिळेल."

"मग परवानगी कामानंतर मिळेल," तो म्हणाला. त्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं तसं त्याने सांगितलं. मी उठलो तेव्हा त्यालाच वाईट वाटलं असावं. त्याने हळूच सुचवलं, "शंभर लिटरच्या आत असेल तर घरगुती धरतो आम्ही. त्याला काही लागत नाही."

मिनिटाला नऊ लिटर म्हणजे शंभर लिटरात अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत किती भिंत धुऊन होईल? मी हिशेब केला. साधारण एका दाराएवढी. हे एकदा ठरल्यावर पुढचं सगळं आपोआप घडत गेलं.

आमच्या इमारतीची दर्शनी भिंत फाटकातून आत शिरल्या शिरल्या समोर येते. मी सेक्रेटरीसाहेबांना जिन्यात गाठलं आणि म्हटलं, "तिथे थोडंसं धुऊन दाखवू का? काम आवडलं तर एक पत्र द्या." सेक्रेटरीसाहेब निवृत्त मोजणी अधिकारी आहेत आणि जिना चढतानाही पायऱ्या मोजतात. ते म्हणाले, "बघू." मी तो होकार धरला. अठ्ठावीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ कळू नये, ही चूक माझीच.

रविवारी यंत्र खाली उतरवलं तेव्हा पहिल्या मजल्यावरचे फॉर्म्युलाकाका हजर झाले. हे पूर्वी रंगाच्या कारखान्यात होते. नक्की कशात होते हे कुणाला माहीत नाही, पण प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे एक फॉर्म्युला असतो. खोकल्यावर, गळक्या नळावर, सुनेच्या स्वभावावरसुद्धा.

"नुसत्या पाण्याने काय होणार? हे शेवाळाचं काळं आहे, ते मुळापासून मरायला हवं," ते म्हणाले. "ब्लीच आणलंयस का?"

आणलं होतं. पाणी घालून पातळ केलेलं ब्लीच भिंतीवर सोडायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं आणि मग धुवायचं, इतकं मला दुकानदाराने शिकवलं होतं.

"आणि हे," असं म्हणत काकांनी पिशवीतून दुसरी बाटली काढली. संडास धुवायचं ॲसिड. "दोन्ही वेगवेगळी चांगली. एकत्र केलीस तर आणखी चांगली."

ते झाकण उघडतच होते, एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून माझ्या बायकोचा आवाज आला. पंचवीस वर्षांच्या संसारात तो आवाज मी ऐकला नव्हता. आमच्याकडे भांडण झालं तरी सौम्य होतं. "ठेवा ते खाली!" आणि मागोमाग ती स्वतः, अनवाणी, जिन्यावरून धापा टाकत आली. तिने दोन्ही बाटल्या घेतल्या. एक अंगणाच्या या टोकाला ठेवली, एक त्या टोकाला. मग काकांना म्हणाली, "या दोन्हींतून जो वायू निघतो ना काका, तो हुंगून माणसं मरतात. मी सातवीच्या मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगते."

"आमच्या कारखान्यात चालायचं," काका म्हणाले.

"म्हणूनच बंद पडला असेल," ती म्हणाली आणि वर गेली. जाताना माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं, आणि दोन्हींचं कारण मला सांगता आलं नसतं.

आता माझी मोठी चूक. दप्तरखान्यातल्या माणसाला वेडीवाकडी कड सहन होत नाही. मी भिंतीवर ओळंबा सोडला, पट्टी लावली आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. सात फूट उंच, तीन फूट रुंद. चिकटपट्टीच्या बाहेर एक थेंब जाऊ द्यायचा नाही, असा निश्चय केला. ब्लीच लावलं, दहा मिनिटं घड्याळ बघत उभा राहिलो, मग पिंपातलं पाणी जोडलं आणि हिरवा नोझल लावून घोडा दाबला.

ते अकरा मिनिटांचं सुख मी विसरणार नाही. काळं खाली ओघळत होतं आणि त्यामागून पांढरी, कोवळी, नवीकोरी भिंत बाहेर येत होती. आठ महिन्यांत मी पहिल्यांदा काहीतरी केलं होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मी चिकटपट्टी सोलली. कडा अशा सरळ होत्या की कंपासपेटीतली पट्टी लाजावी.

तळमजल्यावरचे गृहस्थ पहिल्यांदा बाहेर आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग आपल्या खिडकीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "तुम्ही माझ्या बेडरूमला दार काढताय?"

मी समजावलं. त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कपाट त्या भिंतीला लावलं.

पण खरी अडचण वेगळीच होती. ती भिंत पंधरा वर्षं काळी होती आणि पंधरा वर्षांत कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. रोज बघितलेली घाण दिसत नाही. आता मध्यभागी एक पांढराशुभ्र तुकडा उभा राहिला आणि त्याच्या भोवतीची सगळी इमारत एका दुपारात घाण झाली. येणारा जाणारा थांबायचा. दुसऱ्या मजल्यावरची रिकामी जागा बघायला एक जोडपं आलं होतं. नवरा फाटकातच थांबला आणि म्हणाला, "बाकीची इमारत जळाली होती का?" ते वर न चढताच गेले.

त्यात सेक्रेटरीसाहेबांच्या घरची गडद निळी चादर त्या दिवशी खालच्या दोरीवर वाळत होती. ब्लीचचे शिंतोडे वाऱ्यावर तिथवर गेले होते. संध्याकाळपर्यंत चादरीवर चांदण्या उमटल्या. चादर नवी होती. दुष्काळात तेरावा महिना.

समितीची तातडीची सभा भरली. मी उभा राहून म्हणालो, "मी अख्खी भिंत फुकट धुऊन देतो." यावर जी चर्चा झाली तिचं इतिवृत्त मी स्वतः लिहिलं असतं तर चौदा पानं झाली असती. अख्ख्या भिंतीला शंभर लिटर पुरणार नाहीत, म्हणजे नगरपालिकेची परवानगी आली. परवानगी कामानंतर मिळते. टाकीतलं पाणी वापरलं तर वरच्या मजल्यांना पुरणार नाही. वरच्यांचं म्हणणं पडलं की घाण खालच्यांची आहे, कारण वरून ती खाली गेली. खालच्यांचं म्हणणं पडलं की म्हणूनच ती वरच्यांची आहे. फॉर्म्युलाकाकांनी सुचवलं की चौकोनाला खरंच दार बसवावं. तळमजल्यावरचे गृहस्थ हे ऐकून सभा सोडून गेले.

शेवटी सेक्रेटरीसाहेबांनी पेन टेकवलं. "इमारत एकसारखी दिसायला हवी. सगळी पांढरी करणं शक्य नाही. तेव्हा सगळी काळी करावी." असा तो ठराव झाला.

"आणि माझं पत्र?" मी विचारलं. हॉस्पिटलच्या मुदतीला अठरा दिवस राहिले होते.

"काम पूर्ववत झालं की आमचं समाधान होईल. समाधान झालं की पत्र मिळेल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी घाण करायला लागलो.

वाचकहो, घाण करणं सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने ती ठरवून करून बघावी. मी आधी बागेतली माती कालवून फासली. वाळल्यावर ती तपकिरी झाली आणि तिसऱ्या दिवशी पापड सुटावेत तशी गळून पडली. मग कोळशाची पूड डिंकात घालून लावली. तिने रंग धरला, पण असा काळाकुळकुळीत आणि सपाट की शाळेतला फळा वाटावा. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर खडूने लिहिलं होतं, 'येथे गाडी लावू नये'. अक्षर चांगलं होतं. फॉर्म्युलाकाकांनी मग दही लावायला सांगितलं. दह्यावर शेवाळ लवकर धरतं, हा त्यांचा फॉर्म्युला. तसं धरतही असेल, पण त्याआधी मुंग्या आल्या आणि मुंग्यांच्या मागून मांजरं आली. चार मांजरं दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची आणि येणारी माणसं त्यांच्यामागे उभी राहायची, त्यांना काय दिसतंय ते बघायला.

प्रत्येक वेळी फसलेला थर काढायला मला यंत्र लावावं लागायचं. म्हणजे प्रत्येक वेळी भिंत आधीपेक्षा पांढरी व्हायची. कोळसा उगाळावा तितका काळाच, असं लोक म्हणतात. माझा चौकोन मात्र कोळसा उगाळून उगाळून दुधासारखा झाला होता. इमारतीतली माणसं आता माझ्याशी भिंतीबद्दल बोलत नव्हती. ती मला नुसतं "काय, चाललंय?" असं विचारायची, आजारी माणसाला विचारतात तसं.

ठरावाचे चार दिवस उरले तेव्हा एका दुपारी मी स्टुलावर उभा राहून काजळीचं पाणी ब्रशने लावत होतो. खालून वर, जसा रंगारी लावतो तसं. बायको शाळेतून आली. तिच्या खांद्याला पर्स तशीच होती. ती माझ्यामागे बराच वेळ उभी राहिली.

"घाण वरून खाली येते," ती म्हणाली. "तुम्ही खालून वर चढवताय."

मी ब्रश थांबवला.

"बघा ना," ती म्हणाली आणि चौकोनाच्या बाजूच्या खऱ्या भिंतीवर बोट ठेवलं. "हे एक काळं नाहीये. हे वर आहे ना, ते स्वयंपाकघरांच्या खिडक्यांमधून आलेलं. तेलकट आहे. हे मधलं शेवाळ, ते हिरवट आहे, आणि ते फक्त छपराचं पाणी ओघळतं तिथेच आहे. आणि हे, कंबरेच्या उंचीवर, हे हातांचं आहे. सायकली लावताना लोक इथे हात टेकतात." तिने क्षणभर विचार केला. "एका रंगाने होणारच नाही. पातळ पातळ थर हवेत आणि प्रत्येक वरून सोडायला हवा."

मी स्टुलावरून उतरलो. मला एकदम फार थकल्यासारखं झालं आणि जे आठ महिन्यांत बोललो नव्हतो ते तोंडातून निघून गेलं. अंगणात, दुपारी, हातात काजळीचा ब्रश घेऊन. म्हटलं, "मला ते हॉस्पिटलचं काम हवंय गं. मला सकाळी घरातून बाहेर पडायचंय. तू जातेस आणि मी दार उघडायला राहतो, त्याची मला लाज वाटते."

तिने पर्स काढून स्टुलावर ठेवली. "मला वाटत होतं तुम्हाला विश्रांती मिळतेय," ती म्हणाली. "इतकी वर्षं मिळाली नाही म्हणून मुद्दाम काही विचारत नव्हते. आणि गॅसवाल्याचं सांगायचे कारण निघताना दुसरं काय बोलावं तेच कळायचं नाही मला. तुम्ही असे खुर्चीत बसलेले असायचात." तिचा आवाज जरा भरून आला. मग तिने माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाली, "हा टाका. स्पंज आणा. आणि चहाची पूड उकळायला ठेवा, भरपूर."

पुढचे तीन दिवस शाळा सुटली की आम्ही भिंतीपाशी असायचो. चहाचं गडद पाणी, गंजाचं पाणी, दिव्याची काजळी, तव्याखालचं काळं, जिन्याच्या कठड्यावरून पुसून काढलेला चिकट मळ. तिने सगळं वेगवेगळ्या बरण्यांत केलं आणि बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठ्या मी लिहिल्या, अक्षर माझं चांगलं आहे म्हणून. ती शिडीवर चढून चौकोनाच्या वरच्या कडेला स्पंज पिळायची आणि पाण्याला हवं तसं उतरू द्यायची. मी खाली शिडी धरून उभा असायचो आणि सांगायचो, डावीकडे जास्त झालं, उजवीकडे थांब. माझी ती सरळ कड मोडायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. "कुणी सांगितलं होतं ओळंबा लावायला?" ती दर दहा मिनिटांनी विचारायची. दुसऱ्या दिवशी ती हसायला लागली आणि हसता हसता शिडीवर बसली. तिला असं हसताना मी फार दिवसांनी बघत होतो. मलाही हसू आलं. फॉर्म्युलाकाका खिडकीत उभे होते. त्यांनी पहिल्यांदाच काही सुचवलं नाही.

पाहणीला समिती सहा जणांनिशी आली. सेक्रेटरीसाहेब भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, मग परत आले. चौकोन कुठे होता ते त्यांना सापडेना. त्यांनी टेप काढला आणि फाटकापासून माप घेतलं, तरी सापडेना. मग खांबाजवळच्या एका जागेवर त्यांनी बोट ठेवलं. "इथे अजून थोडं उजळ दिसतंय." तो भाग मूळचाच होता, त्याला आम्ही हातही लावला नव्हता. बायकोने अत्यंत गंभीरपणे तिथे स्पंज टेकवला. साहेबांचं समाधान झालं.

पत्र त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं: "सदर सभासदांनी इमारतीच्या दर्शनी भिंतीचा स्वच्छ झालेला भाग समाधानकारकरीत्या अस्वच्छ करून दिला आहे. काम वेळेत व काटेकोर झाले."

मी म्हटलं, "साहेब, नुसतं 'भिंतीचं काम' असं लिहिलं तर?"

"जे झालं नाही ते मी लिहून देणार नाही," ते म्हणाले. मोजणी अधिकाऱ्याकडून दुसरी अपेक्षा करणं चूक होतं.

शेवटच्या दिवशी मी तेच पत्र जोडून हॉस्पिटलच्या देखभाल अधिकाऱ्यासमोर बसलो. दुसरं काही जोडायला माझ्याकडे नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. यंत्राचा तक्ता, नोझलांची यादी, कुठल्या डागाला कुठलं रसायन याची दोन पानं, सगळं फायलीत नीट लावलं होतं. अधिकाऱ्याने फाइल बाजूला ठेवली आणि पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"इथे 'अस्वच्छ' लिहिलंय."

"हो."

"चुकून?"

"नाही," मी म्हणालो. आता गेलंच आहे तर खरं सांगून जावं, असं वाटलं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. शंभर लिटर, चिकटपट्टी, मांजरं, चादर. तो हसेल अशी माझी तयारी होती. तो हसला नाही. तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "जरा माझ्याबरोबर या."

धुण्याच्या खोलीवरून, औषधांच्या खोक्यांमधून वाट काढत त्याने मला मागच्या अंगणात नेलं आणि भिंतीकडे हात केला.

माझ्या आधी अकरा जणांनी अर्ज केले होते. अकराही जणांनी आपलं काम करून दाखवलं होतं. त्या लांबलचक काळ्या भिंतीवर जागोजागी पांढरे तुकडे होते. चौकोन, आयत, एक गोल. एकाने आपला फोन नंबरच धुऊन काढला होता, दहाही आकडे, पुरुषभर उंचीचे.

"अख्खी भिंत धुवायची मंजुरी काल रद्द झाली," अधिकारी म्हणाला. "निदान दोन वर्षं काही होत नाही." त्याने वर बोट दाखवलं. समोरच्या वॉर्डाच्या खिडक्या बरोबर या भिंतीवर उघडत होत्या आणि दोन खिडक्यांत माणसं उशांना टेकून बाहेर बघत होती. "ती माणसं महिना महिना इथे पडून असतात. दिवसभर हेच मोजत बसतात. काल एका आजींनी त्या नंबरवर फोन केला." तो थोडा घुटमळला. "तुम्ही जे केलंत ते इथे होईल?"

माझ्या खिशात कार्डं होती, त्यावर मोठ्या अक्षरांत 'भिंती, फरशा, पायऱ्या स्वच्छ करून मिळतील' असं छापलं होतं. नऊ यंत्रांमधून निवडलेलं यंत्र घरी गच्चीत उभं होतं. मी धुणारा आहे, हे मला त्याला सांगायचं होतं. मग मी वरच्या खिडक्यांकडे पाहिलं. एक म्हातारा मान वळवून तो फोन नंबर वाचत होता, ओठ हलवत, पुन्हा पहिल्यापासून.

"होईल," मी म्हणालो. "पण ते माझं काम नाही. ते माझ्या बायकोचं आहे. तिला विचारून सांगतो."

घरी आलो तेव्हा ती नुकतीच आली होती आणि चपला काढत होती. माझ्याकडे बघून ती तशीच थांबली. विचारायचा धीर तिला होत नव्हता, हे मला दिसलं.

"काम मिळालं," मी म्हटलं.

"खरंच?"

"तुला मिळालं. मी शिडी धरणार."

मी तिला ती भिंत सांगितली, तो नंबर सांगितला, खिडकीतला म्हातारा सांगितला. ती ऐकत राहिली. मला वाटलं, ती माझी समजूत काढेल, आणि ते मला झेपलं नसतं. पण तिने भुवया आखडल्या आणि विचारलं, "त्या भिंतीवर पाणी कुठून उतरतं?"

ते मी बघितलंच नव्हतं.

"आणि भिंत उत्तरेकडची की पश्चिमेकडची?"

तेही बघितलं नव्हतं.

तिने काढलेली चप्पल पुन्हा घातली. "चला, उजेड आहे तोवर बघून येऊ," ती म्हणाली, आणि मी फाइल खुर्चीवर ठेवून तिच्यामागे जिना उतरायला लागलो.